मेट्रनचं चौथं रक्त

"घाई करू नको, पोरी. आधी तिला तुझा वास घेऊ दे. हात पुढं कर, उताणा. हां, अस्सा. आता मान खाजव. मग सुई."

वॉटी गेडिसचा हा आवाज ग्लेनिस टलॉकच्या कानात तेहतीस वर्षं मुक्कामाला होता. तंबाखूनं खरखरीत झालेला, मॉसगीलच्या माळावरच्या वाऱ्यात अर्धामुर्धा उडून जाणारा आवाज. वॉटी संशोधनाच्या मेंढ्या राखायचा. ग्लेनिस तेव्हा बावीस वर्षांची होती, प्रयोगशाळेत लागून तिला तीन आठवडे झाले होते, आणि तिच्या गुडघ्यांत जी मेंढी होती तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर चारशे सतरा लिहिलं होतं. मेंढीनं तिच्या तळव्याचा वास घेतला. मग इस्पितळातली मोठी परिचारिका नव्या पोरीला न्याहाळते तसं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घे. मेट्रनबाईंची तपासणी झाली. पास झालीस बघ," वॉटी म्हणाला, आणि नाव तिथंच पडलं.

मेट्रनच्या अंगात त्यांनी एक विकर टोचलं होतं. पोट उपाशी असलं की यकृत स्वतःच साखर करून रक्तात सोडतं. त्या कामाचा मुकादम असलेलं विकर. परकी वस्तू अंगात आली की मेंढीचं रक्त तिची ओळख पटवून ठेवतं, प्रतिपिंडं घडवतं. टोचायचं, थांबायचं, पुन्हा टोचायचं, रक्त घ्यायचं. मेट्रनचं पहिलं रक्त आंधळं निघालं. दुसऱ्यानं डोळे किलकिले केले. तिसऱ्याला थोडंफार दिसू लागलं. आणि चौथ्या रक्तानं ते विकर असं ओळखलं, जसं हजार पोरांच्या घोळक्यात आईनं पाठमोरं लेकरू ओळखावं.

ते ओळखणं डोळ्यांनी बघता यायचं. उंदराच्या यकृताचा रस जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, विजेनं पळवला की त्यातले सगळे पदार्थ आपापल्या आकारानं वर-खाली थांबत. ते कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायचे, पडदा साय काढलेल्या दुधात भिजवायचा, तबक झुलत्या पाटावर ठेवायचं आणि त्यात मेट्रनचे दोन थेंब सोडायचे. पाट झुलायचा, दूध हिंदकळायचं, तान्ह्याला जोजवावं तसा पडदा तासभर जोजवला जायचा. पडद्यावर हजार गोष्टी असत, पण मेट्रन नेमकी एकाच जागी जाऊन बसे. तिथं काळी रेघ उमटे. उपाशी उंदराची रेघ काजळासारखी, जेवलेल्याची पुसट.

या रेघेवर अ‍ॅलिस्टर रिंटूलनं आपलं आयुष्य उभं केलं. तो तेव्हा नुकता शिकून आलेला तरुण होता, पुढं प्राध्यापक झाला, केस पांढरे झाले, त्याच्या स्वेटरची कोपरं दोनदा बदलून झाली. मेंढी कधीच मेली. वॉटीही गेला. पण उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये मेट्रन जिवंत होती, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांतून, निळ्या टोपणांखाली. ऑकलंडहून, पर्थहून, कुठून कुठून पत्रं यायची, जरा मेट्रन मिळेल का? ग्लेनिस बर्फात नळी घालून पाठवायची. रक्तातून प्रतिपिंडं वेगळी काढणं, ती नळ्यांत भरणं, नवी खेप जुन्याशेजारी लावून तपासणं, सगळं तिच्या हातचं. अ‍ॅलिस्टर पाहुण्यांना सांगायचा, "मेट्रन दोघींची मिळून झालीय. रक्त मेंढीचं, हात ग्लेनचे."

हे वाक्य ऐकून ग्लेनिसचे कान पूर्वी लाजेनं लाल व्हायचे. गेली तीन वर्षं ते वेगळ्याच कारणानं लाल होत होते.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, अ‍ॅलिस्टर ब्रिस्बेनला परिषदेला गेला असताना, चौथ्या रक्ताची शेवटची बाटली तिनं काढली. आता यापुढं नाही, असं तिनं मनाशी म्हटलंसुद्धा. काम पाठ होतं. रक्ताचं पाणी एका काचेच्या नळकांड्यातून सोडायचं. आत मण्यांना चिकटवलेलं विकर असतं, मेट्रनची प्रतिपिंडं त्याला मिठी मारून बसतात, बाकीचं वाहून जातं. मग वरून आम्ल सोडायचं. आम्लानं मिठी सुटते, आणि प्रतिपिंडं थेंब थेंब खाली ठेवलेल्या नळ्यांत उतरतात. पण आम्लात ती जगत नाहीत. म्हणून प्रत्येक नळीच्या तळाशी आधीच क्षाराचे चार थेंब घालून ठेवायचे असतात. भाजल्या पायाला पाण्याची बादली तयार हवी, तसं.

दोनशे वेळा तिनं हे केलं असेल. त्या दिवशी चहाच्या खोलीत कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाची गोष्ट रंगली होती. नवऱ्यामुलाची पँट वेदीपाशीच उसवली होती. ग्लेनिस डोळे पुसत पुसत परत आली. घोडीवर वीस नळ्या ओळीनं उभ्या होत्या. क्षार घातलाय, असं तिला वाटलं. अगदी घातल्याचं आठवलंसुद्धा. तिनं आम्ल सोडलं, नळ्या भरल्या, झाकल्या, थंड खोलीत ठेवल्या आणि घरी गेली.

सकाळी वीसच्या वीस नळ्यांत नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगत होते.

तिनं तरी पडदा करून बघितला. दोनदा. तिसऱ्यांदा. पडदा कोरा. मेट्रन कुणालाच ओळखेना.

आणि मग ग्लेनिसनं ते केलं. फ्रीजरच्या अगदी तळाशी, बर्फात रुतलेली एक बाटली होती. चारशे बावीस. मेट्रनच्या बरोबरच टोचलेली दुसरी मेंढी. हिचं रक्त कधी धड उतरलं नाही, म्हणून हिला कुणी नावही ठेवलं नाही. बाटली तेवढी राहिली, कारण ग्लेनिसला काही टाकवत नसे. तिनं चारशे बावीसचं रक्त शुद्ध केलं. क्षार घातला. दोनदा बघून घातला. पडद्यावर रेघ आली. बऱ्यापैकी त्याच उंचीला. केसभर वर असेल. ग्लेनिसनं मान तिरकी करून बघितलं, आणि तिरक्या मानेनं ती रेघ जागेवर दिसली.

निळ्या टोपणांवर तिनं बारीक अक्षरात लिहिलं, मेट्रन, चौथं. चौऱ्याऐंशी टोपणं. अक्षर एकदाही हललं नाही.

अ‍ॅलिस्टर आला की सांगू. तो आला. दमला होता. थोडा सावरला की सांगू. मग त्याच्या बायकोचं आजारपण निघालं. मग ती गेली. अशा वेळी काय सांगायचं. मग हिवाळा आला. न सांगितलेली गोष्ट कणकेसारखी असते, झाकून ठेवली की फुगते.

त्याच हिवाळ्यात मेलेआने लोलोहेआ पीएचडी करायला आली.

ओमारू गावाहून आलेली, टोंगा बेटांवरच्या घरातली पोर, रुंद खांद्यांची, हसली की दोन्ही हातांनी तोंड झाकणारी. घरातली पहिलीच इतकी शिकलेली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुम्हाला आंटी म्हटलं तर चालेल का? नुसतं नाव घेऊन हाक मारली असं आईला कळलं, तर ती बस पकडून येईल मला चपलेनं मारायला."

"येऊ दे की. चहा पाजू," ग्लेनिस म्हणाली.

तिला स्वतःला मूल नव्हतं. मेलेआनेला तिनं मनापासून शिकवलं. जेल कसं ओतायचं, बुडबुडा सुईनं कसा पळवायचा, दूध किती पातळ करायचं. पोरीचे हात सुरेख होते. पहिल्या महिन्यातच ग्लेनिसला ते कळलं होतं. पिपेट धरलेला अंगठा कापसावर ठेवल्यासारखा हलका.

मेलेआनेचं काम अ‍ॅलिस्टरच्याच वाटेवरचं होतं: उपाशी आणि जेवलेला, आणि मधल्या प्रत्येक तासाला ते विकर किती वाढतं. रेघ हळूहळू काळी होत जायला हवी होती. होईना. उपाशी असो की जेवलेला, रेघ आपली एकसारखी, ढिम्म.

"पुन्हा कर," अ‍ॅलिस्टर म्हणाला. तिनं पुन्हा केलं. वर्षभर केलं. दुसऱ्या वर्षीही केलं. उंदीर बदलले, दूध बदललं, पाणी बदललं. नळी तेवढी बदलली नाही. एकदा तिनं धीर करून विचारलं, "दुकानात मिळतं त्यातलं एखादं प्रतिपिंड मागवून बघूया का?" तर अ‍ॅलिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाला, "घरात मेट्रन असताना डबाबंद आणायचं?" सगळे हसले. ग्लेनिसही हसली. ते हसू रात्रीपर्यंत तिच्या तोंडात कडू राहिलं.

पण याहून वाईट दिवस होता तो मागच्या मार्चमधला. मेलेआने ओला पडदा चिमट्यात धरून तिच्याकडं आली होती.

"आंटी, हे बघा ना. जुन्या फोटोतली रेघ आणि माझी रेघ. माझी जरा वर नाहीये? केसभर?"

पोरीनं बघितलं होतं. अ‍ॅलिस्टरनं तीन वर्षांत बघितलं नव्हतं ते या पोरीनं बघितलं होतं. आता फक्त हो म्हणायचं होतं. ग्लेनिसनं पडदा हातात घेतला, उजेडाकडं धरला, बराच वेळ धरला.

"जेल वाकडं पळालं असेल गं," ती म्हणाली.

मेलेआनेच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. "हो का. मग माझ्याच हातात काहीतरी असणार," ती म्हणाली, आणि तबक धुवायला गेली.

त्या दिवसापासून ती पोर आपल्या हातांकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. पिपेट उचलताना थांबायची. एकच गोष्ट तीनदा मोजायची. आणि खरोखरच तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. ग्लेनिस हे रोज समोरच्या बाकावरून बघत होती. लोणी कापावं तसा अलगद चालणारा हात तिच्या डोळ्यांदेखत लाकडाचा होत गेला. घरी गेली की ती चुलीवर किटली ठेवायची आणि पाणी उकळून आटेपर्यंत तिथंच उभी राहायची.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी अ‍ॅलिस्टरनं ग्लेनिसला आपल्या खोलीत बोलावलं.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे. मेलेआनेचं पीएचडीचं काम थांबवायचं म्हणतोय. एमएस्सी देऊन मोकळी करू पोरीला. कष्टाळू आहे, वाईट नाही. पण हात नाही तिला. तुला काय वाटतं? तू सगळ्यात जवळून बघितलंयस."

खिडकीबाहेर ऐन हिवाळ्यातला दक्षिणेचा वारा काचेवर गारा फेकत होता.

"कळलंय का तिला?" ग्लेनिसनं विचारलं.

"सकाळी सांगितलं. रडली नाही. 'तुमची मेट्रन वाया घालवली, त्याबद्दल माफ करा' म्हणाली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ."

"मी... शुक्रवारपर्यंत विचार करून सांगते," ग्लेनिस म्हणाली. तिची नोकरी सात महिन्यांनी संपणार होती. निरोपाच्या समारंभासाठी मेट्रनचा जुना फोटो मोठा करून घेतल्याची कुजबुजही तिच्या कानावर आली होती.

बुधवारी साडेदहाला सगळे चहाच्या खोलीत जमले. बुधवारी आपापल्या घरचं काहीतरी आणायचं, असा तिथला रिवाज. ग्लेनिसनं चीज रोल आणले होते, कुणी आल्याच्या वड्या आणल्या होत्या. दार उघडलं आणि आत एक थोराड माणूस आला. हातात फॉइलनं झाकलेलं मोठं तबक. काळा शर्ट, आणि कमरेला गुंडाळलेली चटई, इतकी जुनी की काठ उसवून धागे लोंबत होते. मागं मेलेआने. तिच्याही कमरेला तशीच चटई. केस मोकळे, मान खाली.

"मी फेआओ. हिचा बाप," तो माणूस म्हणाला. "प्राध्यापक साहेब कुठले?"

अ‍ॅलिस्टर कप घेऊन अर्धवट उभा राहिला. फेआओनं तबक मेजावर ठेवलं, आणि गालिच्यावर, अ‍ॅलिस्टरच्या बुटांपासून हातभर अंतरावर, मांडी घालून बसला. मेलेआने त्याच्या मागं बसली.

"अहो, हे काय! खुर्ची आहे की इथं," अ‍ॅलिस्टर गोंधळून म्हणाला.

"खुर्चीवर बसून माफी मागायची नसते, साहेब. आमच्यात तरी नाही." फेआओचा आवाज मोठा नव्हता. "घरातल्या कुणाकडून चूक झाली, तर घरचं मोठं माणूस येतं. फाटकी चटई नेसून येतं, खाणं घेऊन येतं. खाली बसतं. ज्याचं नुकसान झालं तो 'उठा' म्हणाला, की मिटलं. मग तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. जन्मात नाही."

"पण नुकसान असं काही..."

"झालंय, साहेब. पोरीनं सांगितलंय मला." त्यानं मान वर केली नाही. "मी सव्वीस वर्षं खाटीकखान्यात साखळीवर उभा आहे. दिवसाला हजारो मेंढ्या. त्यांचं रक्त रोज मोरीत जाताना बघतो. मला कधी काही वाटलं नाही. आणि ही म्हणाली, बाबा, तिथं एका मेंढीचं रक्त तीस वर्षं थेंब थेंब जपलंय, आणि ते मी वाया घालवलं. तेव्हा मला कळलं की माझ्या पोरीनं काय केलंय."

मेजावरच्या तबकातून नारळाच्या रसात शिजलेल्या पानांचा आणि मटणाचा उबदार वास येत होता. कुणीही त्याच्याकडं बघत नव्हतं.

"आणि या बाई," फेआओ म्हणाला. त्यानं ग्लेनिसला कशावरून ओळखलं कोण जाणे. "तुम्हीच आंटी ना? ही फोनवर रोज तुमचंच बोलायची. आंटीनं असं दाखवलं, आंटीनं तसं शिकवलं. तुम्ही जीव तोडून शिकवलंत, पोरीला जमलं नाही. तुमचीही माफी मागतो. हिची आई तर म्हणाली, आधी त्या बाईंची माग."

"बाबा, पुरे," मेलेआने पुटपुटली. तिचे हात तिच्या मांडीवर उताणे पडले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

ग्लेनिसच्या हातात अजून कपबशी होती. ती तिनं मेजावर ठेवली. फेआओच्या चटईचे लोंबते धागे तिला दिसत होते. हा माणूस पहाटे उठून गारांतून दोन तास गाडी हाकत आला होता, आणि तिच्या चुकीसाठी जमिनीवर बसला होता. तिच्या वीस नळ्यांसाठी. तिच्या चौऱ्याऐंशी टोपणांसाठी. शिवाय तिचीच माफी मागत होता.

तिनं अ‍ॅलिस्टरकडं बघितलं. त्याचे डोळे पाणावले होते. तो भला माणूस होता, कुणाला खाली बसलेलं बघवत नसे त्याला. त्यानं कप ठेवला, वाकून फेआओच्या खांद्यावर हात ठेवला. आता तो म्हणणार. एक शब्द. तो म्हणाला की मिटलं. चूक मेलेआनेची म्हणून कायमची मिटली. पुन्हा कुणी विषय काढणार नाही, फ्रीजरच्या तळाशी कुणी हात घालणार नाही, सात महिन्यांनी फुलं, भाषणं, मेट्रनचा फोटो. तीन वर्षं ती ज्या सुटकेसाठी जीव मुठीत धरून होती, ती सुटका त्या एका शब्दात येऊन बसली होती.

"भल्या माणसा," अ‍ॅलिस्टर म्हणाला, "माझ्याकडून तर..."

"नको म्हणूस!"

ग्लेनिसचा आवाज इतका मोठा निघाला की दारापाशी कुणाच्या तरी हातून चमचा पडला. तिचं तिलाही कळलं नाही ती केव्हा मेजाला वळसा घालून आली. तिचे गुडघे दुखरे होते, तरी एक हात खुर्चीला धरून, दुसरा गालिच्यावर टेकून ती खाली बसली. फेआओच्या शेजारी नाही. त्याच्या आणि मेलेआनेच्या समोर, त्यांच्याकडं तोंड करून.

"ग्लेन? बरं वाटत नाहीये का?" अ‍ॅलिस्टर वाकला.

"बरी आहे मी. तू जरा गप्प बस, अ‍ॅलिस्टर. एकदा सुरू झाल्यावर मला थांबवू नकोस, नाहीतर मी पुन्हा थांबेन."

मेलेआनेनं प्रथमच मान वर केली. "आंटी, तुम्ही कशाला खाली..."

"माझी जागा आहे ही. तुझ्या बाबांची नाही." ग्लेनिसनं मेलेआनेच्या उताण्या हातांकडं बघितलं. "तुझे हात चांगले आहेत, पोरी. मी तेहतीस वर्षांत बघितलेल्यांत सगळ्यात चांगले. तुला दिलेल्या एकाही नळीत मेट्रन नव्हती. तिचं शेवटचं रक्त मी नासवलं, तीन वर्षांपूर्वी, क्षार घालायला विसरून. आणि दुसऱ्याच मेंढीचं रक्त भरून वर मेट्रनचं नाव लिहिलं. तू रेघ वर दिसते म्हणालीस ना, ती खरंच वर होती, दुसऱ्याच कुठल्या पदार्थाची होती. मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले. तू रोज रडकुंडीला येत होतीस, आणि हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता मला 'उठा' म्हणायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा."